चवथीचा गणपती टीव्हीवर आडवा का पडतो: फोनच्या व्हिडिओची दिशा ओळखणं आणि सरळ करणं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे ज्यांचा प्रॉब्लेम हाच आहे ते पुढे वाचतील. फोनवर शूट केलेला व्हिडिओ फोनवर एकदम बरोबर दिसतो, तोच पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावला की ९० अंशात आडवा, माणसांची डोकी डावीकडे आणि पाय उजवीकडे. किंवा उलटं, टीव्हीवर ठीक आणि फोनवर आडवा. किंवा सगळीकडेच आडवा, काही करा. आणि सगळ्यात वैताग म्हणजे दहा क्लिप जोडून एक लांब फाइल केली तर त्यातल्या तीन सरळ आणि सात आडव्या. दिसायला सगळं एकच वाटतं, पण आजार वेगवेगळे आहेत आणि औषधंपण वेगळी, आणि आपण काय करतो तर आडवा दिसला की धरून फिरवतो. मीपण तेच केलं, दोन चवथी वाया घालवल्या.

आमचं मूळ घर गोव्यात, फोंडा तालुक्यात. चवथीला पाच भावांची कुटुंबं एकत्र, गणपती पाच दिवसांचा, आणि विसर्जनाच्या आदल्या रात्री आरत्या-फुगड्या आटोपल्या की सगळे हॉलमध्ये चटया घालून त्या वर्षीचे व्हिडिओ टीव्हीवर बघायला बसतात. व्हिडिओ गोळा करायचं काम माझ्याकडे, कारण मी "कॉम्प्युटरचा". चौदा-पंधरा फोनांतून फाइली घेऊन पेनड्राइव्ह भरला, लावला, आणि पहिल्याच क्लिपमध्ये गणपती मखरासकट आडवा. काकी म्हणाली, "अरे, देवाला निजवलास की रे!" आजी काही न बोलता मान डाव्या खांद्यावर टाकून बघत बसली, आणि तिचं बघून हळूहळू अख्ख्या हॉलच्या माना वाकड्या. मागून धाकट्या चुलत भावाचा सल्ला, "दादा, टीव्हीच आडवो घाल मरे!" पुढच्या क्लिपमध्ये फुगडी घालणाऱ्या बायका भिंतीवर चालल्यासारख्या. घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती तेवढी सरळ होती, कारण ती कोणीतरी फोन आडवा धरून घेतली होती.

त्या वर्षी मी काय केलं ते पुढे सांगतो, ते कसं करू नये याचा चांगला नमुना आहे. आधी फाइलच्या आत काय चाललेलं असतं ते बघू, कारण ते एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे.

कॅमेऱ्याचा सेन्सर फोनमध्ये पक्का बसवलेला असतो, तो काही फिरत नाही. तो लांबट असतो आणि त्याची लांब बाजू फोनच्या लांब बाजूला समांतर असते. तुम्ही फोन उभा धरलात की सेन्सरपण उभा होतो, पण त्याला त्याचं काही नाही, तो आपल्या ओळी नेहमीसारख्याच वाचत सुटतो, म्हणजे फाइलमध्ये जातं ते १९२० बाय १०८० चं आडवंच चित्र, फक्त त्यात माणूस झोपलेला. हे चित्र प्रत्येक फ्रेमला फिरवून साठवायचं म्हटलं तर वीस लाखांवर पिक्सेल, सेकंदाला ३० वेळा. फोन तो उपद्व्याप करत नाही. तो फाइलमध्ये एक छोटी चिठ्ठी लिहून ठेवतो, की बाबा हे दाखवताना ९० अंश फिरवून दाखव. बस. तुम्ही फोनवर उभा बघता तो व्हिडिओ आतून आडवाच असतो, प्लेअर ती चिठ्ठी वाचून तुम्हाला उभा करून दाखवतो.

ही चिठ्ठी म्हणजे नक्की काय, तर एमपी४ आणि एमओव्ही फाइल ही डब्यात डबे अशी बनलेली असते, त्यातला एक डबा ट्रॅक हेडरचा, नाव टीकेएचडी, आणि त्यात नऊ आकड्यांचं एक मॅट्रिक्स असतं, प्रत्येक आकडा ४ बाइटचा, म्हणजे सगळी मिळून ३६ बाइटची चिठ्ठी. उभ्या घेतलेल्या व्हिडिओत ते आकडे असे दिसतात: ०, १, ०, -१, ०, ०, १०८०, ०, १. न फिरवायच्या व्हिडिओत १, ०, ०, ०, १, ०, ०, ०, १. शेकडो एमबीची फाइल आणि ती सरळ का आडवी हे ठरतं या एवढ्याशा जागेवर.

अँड्रॉइडमध्ये ही चिठ्ठी लिहायला सांगणाऱ्या फंक्शनचं नावच सेट-ओरिएंटेशन-हिंट आहे. हिंट! हुकूम नाही, नुसती सूचना. त्याला ०, ९०, १८० आणि २७० हे चारच आकडे चालतात, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की रेकॉर्डिंग करताना फ्रेम फिरत नाहीत, फक्त मॅट्रिक्स टाकलं जातं, आणि काही प्लेअर ते मानणार नाहीत. म्हणजे हे होणार हे बनवणाऱ्यांनाही माहीत होतं, आपल्यालाच कोणी सांगितलं नव्हतं.

जाता जाता, फोटोंची गोष्ट वेगळी. फोटोत एक्झिफ नावाच्या मेटाडेटात १ ते ८ पैकी एक आकडा असतो. त्यामुळे फोटो सरळ करणारी जी छोटी टूल्स मिळतात ती व्हिडिओवर चालवून "काहीच होत नाही" म्हणू नका.

तर आता खरा प्रश्न असा की चिठ्ठी बरोबर आहे पण समोरचा वाचत नाही, की चिठ्ठीच चुकीची आहे, की ती वाटेत हरवली, की पिक्सेल फिरवून झाले तरी जुनी चिठ्ठी तशीच चिकटून राहिलीय. हे ठरवल्याशिवाय रोटेटच्या बटणाला हात लावायचा नाही.

ठरवायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर. कॉम्प्युटरवर फाइल उघडा, कंट्रोल-जे दाबा, कोडेकची माहिती येते, त्यात ओरिएंटेशन अशी ओळ बघा. टॉप लेफ्ट लिहिलं असेल तर फिरवायची सूचना नाही, दुसरं काही असेल, बहुतेक वेळा राइट टॉप, तर चिठ्ठी आहे. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते याहून सरळ सांगतं, रोटेशन ९० अंश असं. ती ओळच नसेल तर चिठ्ठी शून्य. तिथेच विड्थ आणि हाइट पण बघून घ्या. विड्थ १९२०, हाइट १०८० आणि रोटेशन ९० म्हणजे उभा घेतलेला अगदी निरोगी फोन-व्हिडिओ. विड्थ १०८०, हाइट १९२० आणि रोटेशन काही नाही, हाही निरोगी, पण तो कुठेतरी पिक्सेल फिरवून परत बनवलेला. विड्थ १०८०, हाइट १९२० आणि वर रोटेशन ९० असेल तर तिथे शंका घ्यायची, दोनदा फिरवण्याचं लफडं बहुतेक इथेच असतं.

ज्यांना काळ्या खिडकीत टाइप करायला भीती वाटत नाही त्यांनी एफएफप्रोब वापरावं, ते एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या फुकट सॉफ्टवेअरबरोबरच येतं. पण त्यात एक खड्डा आहे, मी त्यात पडलोय. जुन्या आवृत्त्यांत रोटेट नावाचा टॅग दिसायचा, त्यात ९० लिहिलेलं असायचं. नव्या आवृत्त्यांत तो टॅग गेला, आता साइड डेटामध्ये डिस्प्ले मॅट्रिक्स अशी ओळ येते आणि तिथे लिहिलेलं असतं उणे ९०. फाइल तीच, चिठ्ठी तीच, फक्त मोजायची दिशा वेगळी: जुना टॅग घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजायचा, नवी ओळ काट्यांच्या उलट मोजते. माझी एक छोटी स्क्रिप्ट होती, ती रोटेट हा शब्द शोधून आडव्या-उभ्या फाइली वेगळ्या करायची, सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर तिने चौसष्टच्या चौसष्ट फाइली "रोटेशन नाही" म्हणून एकाच फोल्डरात टाकल्या आणि मी अर्धा तास फोनला दोष देत बसलो.

आणि हातात काहीच नसेल तर दोन ठिकाणी लावून बघा, एक चिठ्ठी वाचणारा प्लेअर म्हणजे व्हीएलसी किंवा ज्याने शूट केलं तो फोनच, आणि एक न वाचणारा, म्हणजे तुमचा टीव्ही. फोनवर सरळ, टीव्हीवर आडवा: चिठ्ठी बरोबर, टीव्ही अडाणी. टीव्हीवर सरळ, फोनवर आडवा: पिक्सेल बरोबर, वर शिळी चिठ्ठी. दोन्हीकडे आडवा: चिठ्ठी चुकलीय किंवा हरवलीय. फोनवर बघताना मात्र फोन टेबलाला उभा टेकवून बघा. हातात धरून बघू नका, आपण नकळत फोनच फिरवतो आणि म्हणतो बरोबर आहे. हे मी उगाच सांगत नाहीये.

आता त्या पहिल्या वर्षीचा पराक्रम. मी रात्री बसून सगळ्या उभ्या फाइलींवर एफएफएमपेगचा ट्रान्सपोज फिल्टर चालवला, आकडा १, म्हणजे काट्यांप्रमाणे ९० अंश. दोन तास लॅपटॉपचा पंखा कोकलत होता. सकाळी पूजेच्या आधी टीव्हीला लावून बघितलं तर गणपती मस्त उभा, पण फुगडीवाल्या बायका अजून आडव्याच, फरक एवढाच की आधी डोकी डावीकडे होती ती आता उजवीकडे. पुढच्या वर्षी म्हटलं फिल्टर काढून नुसतं कन्व्हर्ट करून बघू. केलं. बायका उभ्या राहिल्या, गणपती परत झोपला.

झालं असं होतं की एफएफएमपेग फाइल परत बनवताना चिठ्ठी स्वतःहून वाचतं आणि पिक्सेल आपणच सरळ करतं, त्याला ऑटोरोटेट म्हणतात आणि ते मुळातच चालू असतं. फुगडीच्या फाइलींत चिठ्ठी ९० ची होती, ते त्याने न सांगता सरळ केलं, आणि वर माझा ट्रान्सपोज बसला, म्हणजे अजून ९०. गणपतीच्या फाइलीत चिठ्ठीच शून्याची होती, त्यामुळे तिथे फक्त माझाच फिल्टर लागला आणि ती सरळ झाली. एकाच पेनड्राइव्हवर दोन वेगळे आजार आणि मी सगळ्यांना एकच गोळी देत होतो. एकाला लागू पडली की दुसरा आडवा.

म्हणून आता औषधं वेगवेगळी.

टीव्ही चिठ्ठी वाचत नाही, बाकी सगळं ठीक. इथे फाइलीत चूक काहीच नाही, त्यामुळे चिठ्ठी कितीही वेळा दुरुस्त केलीत तरी उपयोग नाही. पिक्सेलच फिरवून घ्यायचे. यासाठी कुठलाही रोटेट फिल्टर लावायचा नाही हे परत सांगतो, नुसतं परत एन्कोड करायचं, म्हणजे फाइल नव्याने बनवायची. फोनवरून भावाला जसं वाचून सांगतो तसं सांगतो: एफएफएमपेग, स्पेस, मायनस-आय आणि मूळ फाइलचं नाव, मग मायनस-सी-कोलन-व्ही लिबएक्स२६४, मायनस-सीआरएफ १८, मग मायनस-सी-कोलन-ए कॉपी, आणि शेवटी नव्या फाइलचं वेगळं नाव. सीआरएफ म्हणजे क्वालिटी, आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी, काही दिलं नाही तर २३ धरतं. १८ ला मला तरी टीव्हीवर मूळ आणि नकल यातला फरक दिसत नाही. आवाज कॉपी, त्याला हात लावायचं कारण नाही.

यात दोन बारीक गोष्टी. हल्लीचे बरेच फोन एचडीआर म्हणजे जास्त रंग-उजेड पकडणाऱ्या प्रकारात शूट करतात, १० बिटचा व्हिडिओ, आणि तो असा बनवला तर एच२६४ पण १० बिटचीच फाइल तयार होते, ती लॅपटॉपवर चालते आणि टीव्हीवर काळा पडदा. त्यासाठी मायनस-पिक्स-अंडरस्कोर-एफएमटी आणि पुढे वाययूव्ही४२०पी एवढं घालायचं. रंग थोडे फिके पडतील, माझ्या मते गणपती उभा असला की रंग कोण बघतोय. दुसरं, एफएफएमपेग नव्या फाइलीत शूटिंगची तारीख नेत नाही, मग गॅलरीत २०२१ ची चवथ आजच्या तारखेला जाऊन बसते. मायनस-मॅप-अंडरस्कोर-मेटाडेटा ० असं घातलं की तारीख टिकते. हे मला चार वर्षांच्या फाइली खिचडी झाल्यावर कळलं.

झाल्यावर मीडियाइन्फोमध्ये बघा, विड्थ १०८०, हाइट १९२०, रोटेशनची ओळ नाही, असं दिसलं की काम फत्ते. टीव्हीवर तो मधोमध उभा दिसेल, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. आमच्या काकांनी यावर "मग एवढा मोठा टीव्ही कशाला घेतला" म्हणून ऐकवलं, आणि तसं त्यांचं चुकत नाही, १९२० बाय १०८० च्या पडद्यावर उभा व्हिडिओ साधारण ६०८ पिक्सेल रुंदीत बसतो, म्हणजे पडद्याचा तिसरा हिस्सापण नाही. त्यावर औषध नाही, शूट करतानाच फोन आडवा धरायचा.

चिठ्ठी चुकलीय. इथे पिक्सेलला हात लावायची गरज नाही, चिठ्ठी बदलली की दोन सेकंदांत काम होतं, क्वालिटी जराही जात नाही. मला आवडतं ते एक्झिफटूल, नाव फोटोंचं असलं तरी ते व्हिडिओची चिठ्ठीपण लिहितं: मायनस-रोटेशन-इक्वल-टू ९० आणि फाइलचं नाव, झालं. मूळ फाइल ओरिजिनल असं शेपूट लावून बाजूला ठेवतं, म्हणजे चुकलं तरी परत जाता येतं. एफएफएमपेगमध्ये करायचं तर नव्या आवृत्तीत मायनस-डिस्प्ले-अंडरस्कोर-रोटेशन असा पर्याय आहे, तो मायनस-आयच्या आधी लिहायचा, नंतर नाही, आणि पुढे मायनस-सी कॉपी. इथे परत दिशेचा घोळ: एक्झिफटूलला काट्यांप्रमाणे मोजायचं, डिस्प्ले रोटेशनला काट्यांच्या उलट. म्हणजे चिठ्ठी शून्याची आहे आणि डोकी डावीकडे पडलीत, तर एक्झिफटूलला ९० आणि एफएफएमपेगला उणे ९०. आणि हा आकडा आधीच्या चिठ्ठीत मिळवला जात नाही, तिच्या जागी बसतो. आधी ९० होतं आणि अजून ९० फिरवायचं असेल तर १८० ची चिठ्ठी लिहायची. चुलत बहिणीने सलग तीनदा ९० लिहिलं आणि "काय फरकच पडत नाही रे" म्हणून फोन केला. कसा पडणार?

शिळी चिठ्ठी चिकटून राहिली असेल तर तेच, फक्त आकडा शून्य.

आणि चिठ्ठी हरवली कुठे, तर वाटेत कुठल्यातरी ॲपने व्हिडिओ आवळला तिथे. म्हणून मी आता घरच्यांना सांगून ठेवलंय की व्हॉट्सॲपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तशी मूळ फाइल जशीच्या तशी येते, व्हिडिओ म्हणून पाठवलीत की ती आवळून नव्याने बनते. काकी अजून व्हिडिओ म्हणूनच पाठवते. असो.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटरच नाही त्यांना फोनवरपण करता येतं. आयफोनच्या फोटोज ॲपमध्ये आयओएस १३ पासून व्हिडिओ एडिटमध्ये फिरवायचं बटण आहे, अँड्रॉइडवर गुगल फोटोजमध्ये एडिट, क्रॉप, तिथे रोटेट. मॅकवाल्यांना क्विकटाइम प्लेअरच्या एडिट मेनूत रोटेट लेफ्ट, रोटेट राइट आहे. पण तुमच्या ॲपने नक्की काय केलं, चिठ्ठी बदलली की पिक्सेल फिरवले, हे कळायला माझी एक देशी चाचणी: ४०० एमबीची फाइल फिरवून सेव्ह केली आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत झाली, तर फक्त चिठ्ठी बदलली, टीव्हीवर ती आडवीच दिसणार. फोन गरम झाला आणि टक्केवारी सरकत राहिली तर पिक्सेल फिरले. व्हीएलसीमधलं इफेक्ट्स आणि फिल्टर्समधलं ट्रान्सफॉर्म मात्र यात धरू नका, ते फक्त तुमच्या डोळ्यांपुरतं आहे, फाइल होती तशीच राहते.

आता मूळ कोडं. बाकी सगळ्यांच्या फाइलींचा दोष टीव्हीचा होता हे समजलं, पण गणपतीच्या फाइलीत चिठ्ठीच चुकीची, आणि ती फाइल दर वर्षी माझ्याच फोनची. फोन बदलला तरी तेच. मग एका रात्री त्या सगळ्या क्लिप ओळीने लावून बघितल्या आणि लक्षात आलं की प्रत्येकीची सुरुवात एकच आहे: माटोळी.

आमच्याकडची चवथ ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली-बागेतली फळं, भाज्या, फुलं बांधतात, नारळ, सुपारीचे घोस, केळी, आंबाडे, तोरिंजन, काय काय. दोन दिवस घरातले पुरुष ती बांधत असतात, त्यामुळे व्हिडिओ माटोळीपासून सुरू करून मग सावकाश खाली गणपतीवर यायचं ही माझी स्टाइल. म्हणजे रेकॉर्डचं बटण दाबताना माझा फोन छताकडे तोंड करून, जवळजवळ सपाट. आणि इथेच घोळ होता.

फोन उभा आहे की आडवा हे त्याला कळतं ॲक्सेलेरोमीटरवरून, म्हणजे गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूने ओढतंय त्यावरून. फोन उभा असला की ९.८ चं सगळं ओझं त्याच्या लांबीच्या दिशेने, आडवा असला की रुंदीच्या दिशेने. पण फोन सपाट धरलात, तोंड वर असो की खाली, की ते सगळं जातं त्याच्या पाठीतून आरपार, आणि लांबी-रुंदीच्या दोन्ही दिशांना जवळजवळ शून्य. आता फोनने काय ठरवायचं? तो आधीचंच धरून बसतो. मी आधी घुमट आरती फोन आडवा धरून घेतलेली असायची, तसाच तो हातात वर करून माटोळीखाली जायचो, फोनच्या डोक्यात "आडवा" बसलेलं, वर नेता नेता मी तो उभा पकडायचो पण सपाट असल्यामुळे त्याला ते कळायचंच नाही, बटण दाबलं, चिठ्ठी लिहिली गेली, शून्य. आणि चिठ्ठी रेकॉर्डिंग सुरू होताना ठरते, मध्ये बदलत नाही. मग खाली गणपतीवर येईपर्यंत फोन व्यवस्थित उभा झालेला असला तरी वेळ गेलेली.

माटोळी आडवी दिसली तरी कोणाला कळत नाही, वर बघताना कुठली बाजू वर आणि कुठली खाली? त्यामुळे आम्हाला वाटायचं व्हिडिओ बरा सुरू होतो आणि मग अचानक गणपतीच आडवा पडतो. तो पहिल्या सेकंदापासूनच आडवा होता.

हेच रांगोळीचं, पानावर वाढलेल्या जेवणाचं, पाटावरच्या नैवेद्याचं, जे जे सरळ खाली बघून शूट करता त्या सगळ्याचं. उपाय एकदम साधा: बटण दाबायच्या आधी फोन एकदा समोर भिंतीकडे तोंड करून उभा धरा, स्क्रीनवरची फ्लॅशची वगैरे चिन्हं फिरून सरळ झालेली बघा, आणि मग वर किंवा खाली न्या. मी आता क्लिपची सुरुवात समईपासून करतो, तिथून वर माटोळी, मग परत खाली मूर्तीवर. दोन वर्षं झाली, गणपती उभा आहे.

क्लिप जोडण्याबद्दल थोडं. कॉपी करून, म्हणजे परत एन्कोड न करता जोडल्या तर पूर्ण फाइलला पहिल्या क्लिपचीच चिठ्ठी लागते, त्यामुळे पहिली उभी असेल तर तिच्यासारख्या चिठ्ठीच्या सगळ्या सरळ आणि बाकीच्या आडव्या. म्हणून जोडण्याआधी प्रत्येक क्लिपचे पिक्सेल सरळ करून घ्या, सगळ्यांची चिठ्ठी शून्य, सगळ्यांचा आकार एक, उभ्यांना स्केल आणि पॅड फिल्टरने बाजूला काळे पट्टे देऊन १९२० बाय १०८० मध्ये बसवा, मगच जोडा. वेळ लागतो, संध्याकाळी लावून ठेवायचं आणि जेवायला जायचं. आणि एवढी मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर पेनड्राइव्ह खराब नाही, तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही.

सेल्फी कॅमेऱ्याचे व्हिडिओ कधी कधी आरशातल्यासारखे उलटे येतात. तिथे रोटेशनच्या मागे लागू नका. मखरावरची "श्री गणेशाय नमः" ही अक्षरं उलटी दिसत असतील तर कितीही अंश फिरवून ती सुलटी होणार नाहीत, त्याला एचफ्लिप फिल्टर लागतो.

राहिला एकच प्रकार, ज्याला अजून मला झटपट उपाय नाही: शूटिंग चालू असताना मध्येच फोन फिरवलेला. काकांचा विसर्जनाचा व्हिडिओ, घरातून निघताना फोन उभा, तळीवर पोचल्यावर "सगळे मावत नाहीत" म्हणून आडवा. चिठ्ठी एकच, ९० ची, त्यामुळे पहिली चार मिनिटं बरोबर आणि तळीवरची सगळी माणसं आडवी. इथे फाइल जिथे फिरवली तिथे कापून दोन करायची, दुसऱ्या तुकड्याची चिठ्ठी वेगळी लिहायची, फोन कुठल्या बाजूला आडवा केला त्यावर ० किंवा १८०, मग दोन्ही सरळ करून वर सांगितलं तशी जोडायची. कॉपी करून कापलं तर काप नेमका हव्या त्या फ्रेमवर बसत नाही, जवळच्या कीफ्रेमवर, म्हणजे पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर बसतो, त्यामुळे फोन फिरतानाचे एक-दोन सेकंद वाकडे राहतातच. ते मी तसेच ठेवलेत, त्यात काकांचा आवाज आहे, "थांब रे, आडवा करतो".